बटणावरची पट्टी

४ मार्च, मंगळवार

नोव्हेंबरात निवृत्त झालो तेव्हापासून हाताला चैन नाही. चौतीस वर्षं वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये तासातासाला लॉगबुक भरलं, आता भरायला काही नाही. परवा दूध किती वाजता उतू गेलं ते मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून ठेवलं, तेव्हा बायकोने, अन्नपूर्णाने, ही वही आणून दिली. म्हणाली, "याच्यात लिवा काय लिवाचं ते. पण दूध जाऊन राह्यलं तं गॅस बंद करा, नुसती वेळ नका लिवू."

तर पहिली नोंद. पुनमच्या कम्प्युटरचे सगळे भाग आज आले. पुनम आमची एकुलती एक. हैदराबादच्या कंपनीत तिला नोकरी लागली आहे, ड्रोनने काढलेल्या फोटोंवरून डोंगर-नद्यांचे नकाशे बनवायची. एक एप्रिलपासून सुरू. कंपनी म्हणते, हैदराबादला या, नाहीतर घरी तगडं मशीन असेल तर घरून करा. काय ते पंचवीस मार्चपर्यंत कळवा. मी त्याच मिनिटाला ठरवलं की घरूनच. ऊर्जानगरात, केंद्राच्या वसाहतीत, जाऊन जुन्या दोस्तांना सांगूनही आलो. पुनम म्हणाली, "बाबा, एवढी घाई नका करू." तिला माझ्या खर्चाची काळजी. पोरगी समजूतदार आहे.

तयार मशीन घेण्यात मजा नाही. मी दोन आठवडे वाचून एकेक भाग स्वतः निवडला. सगळ्यात नवीन प्रोसेसर, आणि दुकानदाराकडे शेवटचाच उरलेला एक चांगला मदरबोर्ड. अन्नपूर्णाने खोक्यांना हळदीकुंकू लावलं. उद्या जोडणी.

५ मार्च, बुधवार

जोडणी शिस्तीत केली. घरात परमिट पद्धत लागू केली आहे. म्हणजे मी मशीनला हात लावण्याआधी मेन स्विच बंद, त्यावर पाटी, आणि घरच्या एका माणसाची सही. अन्नपूर्णाने चार वेळा सही केली. पाचव्या वेळी मिक्सरमध्ये चटणी होती, तिने सही नाकारली. परमिट नाही तर काम नाही, मी अर्धा तास बसून राहिलो.

बोर्डाच्या मागच्या बाजूला, वायरी खोचायच्या जागेपाशी, एक बारीक बटण सापडलं. नाव नाही, नुसतं चित्र. कंट्रोल रूममध्ये मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो, की जे बटण कशाचं ते माहीत नाही त्याच्याकडे बोटसुद्धा करायचं नाही. एकदा एकाने केलं होतं, अर्धं चंद्रपूर अंधारात गेलं होतं. मी बटणावर लाल चिकटपट्टी लावली, वरून दुसरी लावली आणि चिठ्ठी डकवली, खाली माझी आद्याक्षरं: "दाबू नये. डो. उ."

पुनमने पाहिलं. "बाबा, हे काऊन झाकलं?"

"कोणाचा चुकून हात लागू नये म्हणून."

ती त्या पट्टीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग बोर्डाची पुस्तिका उचलून म्हणाली, "हे मी वाचते, तुमाले अक्षर दिसन नाई." खरंच आहे, अक्षर मुंगीएवढं. पोरीला माझ्या डोळ्यांची किती काळजी.

६ मार्च, गुरुवार

सकाळी दहा पाचला मशीन सुरू केलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळा.

दहा वीसला बंद करून पुन्हा सुरू. पडदा काळा. दुपारी सगळं खोलून पुन्हा जोडलं. संध्याकाळी पडदा पुसला. पुसलेला काळा पडदा जास्त काळा दिसतो.

पुनम म्हणाली, "नाई झालं तं नाई झालं, बाबा. एवढं काय मनाले लावून घेता?" मला धीर देत होती. तिला किती वाईट वाटत असेल, पण दाखवत नाही. रात्री जेवताना उलट गुणगुणत होती बिचारी.

८ मार्च, शनिवार

शेवटी नूरुद्दीनभाईकडे गेलो. त्याचं गावात कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पंचवीस वर्षांची ओळख, पण मी भाग परस्पर मागवले म्हणून तो फुगलेला असणार हे धरून मी पाव किलो जिलबी नेली. दुकानात शिरल्यावर आठवलं, रमजान चालू आहे. भर दुपारी त्याच्यापुढे गरम जिलबीचा पुडा उघडून मी उभा.

"ठेवा तिकडे," तो म्हणाला. "शाम को देखूंगा. बोर्डसुद्धा शामलाच पाहू का?"

पण पाहिला. दोन मिनिटांत रोग सांगितला. बोर्डाच्या पोटात एक बारका प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. मशीन सुरू झालं की कोणता भाग कोणता, हे तो आधी ओळखतो. माझा बोर्ड बरीच वर्षं खोक्यात पडून होता, प्रोसेसर गेल्या वर्षीचा. म्हणजे गेटवर जुना चौकीदार आणि साहेब नवीन. चौकीदार आत सोडत नाही.

"मग फर्मवेअर नवीन टाकू."

"टाकायला बोर्ड सुरू पायजे. सुरू व्हायला त्याच्या ओळखीचा जुना प्रोसेसर पायजे. दहा मिनटासाठी बसवायचा, फर्मवेअर टाकायचं, काढून घ्यायचा."

हे सांगता सांगता त्याने बोर्ड उलटा केला. लाल पट्टी पाहिली. चिठ्ठी वाचली.

"हे कोणी लावलं?"

"मी. अनोळखी बटण आहे."

नूरुद्दीनभाई गप्प झाला. तोंड उघडलं, मिटलं. "पुनमबेटी सकाळीच दुकानावर आल्ती," एवढंच म्हणाला आणि पुन्हा गप्प. उपासाने माणूस थकतो. मग त्याने एका कागदावर नंबर लिहून दिला. जुना प्रोसेसर त्याच्याकडे नाही, पण चार वर्षांपूर्वी त्याने एका ग्रामसभेला मशीन बनवून दिलं होतं, त्यात अगदी हवा तसा आहे. गाव कोसमटोला, धानोऱ्याच्या पुढे.

"गडचिरोली जिल्हा? जवळ कुठे नाही?"

त्याने वर छताकडे पाहिलं आणि जिलबीचा पुडा बांधून फळीवर ठेवला.

१० मार्च, सोमवार

कोसमटोल्याला फोन लागला, सतराव्या वेळी. रंजीता मडावी म्हणून बाई आहेत, ग्रामसभेच्या सचिव. सगळं ऐकून म्हणाल्या, "मशीन माही नाई ना, भाऊ. ग्रामसभेचं हाय. ग्रामसभेले विचारा लागन."

"मग विचारून सांगा."

"असं फोनवर नाई होत. तुमी या, बसा, तुमच्या तोंडानं मांगा. सकाऊन सारे मोहफुलं वेचाले जाते, म्हून रविवारी दुपारून."

दहा मिनिटांच्या कामाला सहा दिवस. घरी सांगितलं तर पुनम एकदम म्हणाली, "जा ना बाबा, जा! तुमचंही फिरणं होईन." बघा, किती आशा लावून बसली आहे.

ती हल्ली मोबाईलवर तेलुगू शिकते. का विचारलं तर म्हणाली, टाइमपास. नूरुद्दीनभाईची मुलगी अमरीन हैदराबादला नोकरीत आहे, तिच्याशी रोज तासभर बोलते आणि मी खोलीत गेलो की दोघी तेलुगूत शिरतात. भाषांची आवड आईकडून आली असावी, माझ्याकडून नक्की नाही.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. मशीनवर तीन चादरी टाकून मी दारात पहारा दिला. लच्छू वाढई रंग घेऊन आला. कंट्रोल रूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर वीस वर्षं होता. "काय उराडे, झाला का पोरीचा कारखाना सुरू?" मी म्हटलं, फक्त एक परवानगी बाकी आहे.

अन्नपूर्णाने यंदा मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं छोट्या छोट्या बरण्यांत भरलं आहे. मोठी बरणी असताना या चिल्ल्यापिल्ल्या कशाला? "लागते," म्हणाली. बायकांच्या स्वयंपाकघरात फार प्रश्न विचारू नयेत.

१६ मार्च, रविवार, कोसमटोला

सकाळची बस. मूल, सावली, गडचिरोली, धानोरा, पुढे काळीपिवळी जीप. प्रोसेसर आणायला स्टीलचा डबा नेला होता, आत कापूस, वर रबर.

ग्रामसभा गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, बसली. शंभरावर माणसं, निम्म्याहून जास्त बाया, अंगाला मोहाचा वास. अध्यक्ष कोलू मडावी, माझ्याच वयाचे. त्यांनी "जोहार" म्हणून मला पाणी दिलं आणि मधे बसवलं. मी उभा राहून पंधरा मिनिटं बोललो. फर्मवेअर, प्रोसेसर, चौकीदार, साहेब, सगळं समजावलं. कोलूभाऊंनी ते गोंडीत दोन वाक्यांत सांगून टाकलं.

मग प्रश्न. कमळाबाई म्हणून एक म्हातारी होत्या. "आमच्या जंगलाचे कागद त्याच तुकड्यात हाय का?"

मी म्हटलं, नाही आजी, कागद दुसऱ्या भागात असतात, हा तुकडा फक्त विचार करतो.

"मंग आमचा विचार तुमच्या मशीनात जाईन ना."

यावर अर्धा तास गेला. मी विज्ञान सांगत होतो आणि त्या मान हलवत होत्या, आडवी. मग झिंगू नावाचे एक शेतकरी उठले. "तुमी लाईटवाले ना? आमच्या डोक्याहून तारा जाते, अन् आमच्या गावात लाईन राहत नाई. काऊन?"

मी सांगितलं की मी फक्त वीज बनवायचो, पोचवणारे वेगळे. शंभर माणसांनी माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत कोणत्याही चौकशी समितीपुढे मी इतका घामाघूम झालो नव्हतो.

शेवटी कोलूभाऊंनी विचारलं, "पोरीचं काम हाय म्हणता. पोरगी काय म्हणते?"

मी म्हटलं, ती काय म्हणणार, तिच्यासाठीच तर चाललंय सगळं.

कोलूभाऊ हं म्हणाले. इथे हात वर करून मतं मोजत नाहीत, सगळे हो म्हणेपर्यंत बसतात. झिंगूभाऊ सर्वांत शेवटी हो म्हणाले, पाच वाजता. निर्णय असा: तुकडा द्यायचा, पण या गावाच्या जंगलातलं पान असो की बांबू, सभेला विचारल्याशिवाय शिवेबाहेर जात नाही, तसा हा तुकडाही जाणार नाही. बोर्ड इथे आणा, दहा मिनिटं वापरा, तुमचा तुम्ही घेऊन जा.

मला आधी राग आला. मग बसमध्ये बसल्यावर वाटलं, ही तर परमिट पद्धतच आहे, फक्त सह्या जास्त.

२० मार्च, गुरुवार, कोसमटोला

पुन्हा आलो. मांडीवर बोर्ड, दोन टॉवेलांत गुंडाळलेला. शेजारच्या बाईंनी लेकरू समजून जागा करून दिली. निघताना अन्नपूर्णाला विचारलं, पुनमच्या खोलीत नवीन मोठी बॅग कशाला? "माहीत नाई बा," म्हणाली आणि कांदा नसताना डोळे पुसले. तिलाही मशीनचं टेन्शन आहे.

दुपारी तीनला, ग्रामसभेचं मशीन असलेल्या खोलीत, काम सुरू. रंजीताबाईंनी मेन स्विचच्या पाटीवर सही केली, न विचारता. अशी माणसं कंट्रोल रूमला मिळायला हवी होती. त्यांच्या मशीनमधून प्रोसेसर काढला, पुसला, माझ्या बोर्डात बसवला. गोटुलातून खिडकीपर्यंत डोकीच डोकी. कमळाबाई सगळ्यात पुढे, विचार कुठून कुठे जातो त्यावर नजर ठेवून.

सुरू केलं. पडदा उजळला! मी ओरडलो. सगळे ओरडले. फर्मवेअरची फाइल मी पेनड्राइव्हमध्ये घेऊनच गेलो होतो, ती निवडली. पडद्यावर इशारा आला की आता वीज जाऊ देऊ नका, गेली तर बोर्ड कायमचा मेला. मी 'होय' दाबायला बोट नेलं.

आणि वीज गेली.

बोट टेकलं नव्हतं म्हणून बोर्ड वाचला. बातमी आली की धानोऱ्याकडे तारेवर झाड पडलंय, उद्यापर्यंत काही खरं नाही. झिंगूभाऊंनी आधी वरच्या तारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, ते जास्त लागलं. मी त्यांचा प्रोसेसर काढून परत त्यांच्या मशीनमध्ये बसवला. तो शिवेच्या आतच राहिला, याचं कमळाबाईंना समाधान.

बोर्ड गुंडाळत होतो तेव्हा रंजीताबाईंनी विचारलं, "भाऊ, या पट्टीखाली काय हाय?"

"बटण. कशाचं ते माहीत नाही."

"पुस्तकात पाह्यलं नाई का?"

"पुस्तिका पोरीकडे आहे."

त्यांनी बोर्डावरचं मॉडेलचं नाव वहीत उतरवलं आणि टेकडीवर गेल्या, तिथे दुसऱ्या गावच्या टॉवरची रेंज येते. अर्ध्या तासाने खाली आल्या. आधी पाणी प्यायल्या. "भाऊ, हे बटण त्याच्यासाठीच हाय. फाइलचं नाव बदलवून पेनड्राइव्ह मांगच्या खुणेच्या खाचेत टाकाचा, वीज जोडाची, अन् बटण दाबून धराचं. फर्मवेअर आपोआप नवीन होते. जुना प्रोसेसर लागत नाई. नवाही लागत नाई. कोनताच लागत नाई."

मी दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा सांगितलं. मग कोलूभाऊंनी गोंडीत सगळ्यांना सांगितलं, एका वाक्यात, आणि अख्खं कोसमटोला हसलं. झिंगूभाऊ तर खाली बसले. मीही हसलो, काय करणार.

मुक्काम कोलूभाऊंकडे. जेवण उत्तम.

२२ मार्च, शनिवार

अन्नपूर्णा बाजारात, पुनम नूरुद्दीनभाईच्या घरी सुलतानाभाभींकडे. घरात मी एकटा. परमिटावर मीच सही केली, हे नियमात बसत नाही, नोंद करून ठेवतो.

अकरा वाजता पट्ट्या काढल्या. पेनड्राइव्ह लावला, वीज जोडली, बटण दाबून धरलं. बाजूचा दिवा लुकलुकू लागला. सहा मिनिटं मी श्वास रोखून, म्हणजे अधूनमधून घेत, उभा होतो. दिवा विझला. नवा प्रोसेसर बसवला, सुरू केलं. पडदा लागला, लख्ख. बोर्डाने प्रोसेसर ओळखला, नावानिशी.

मी घरभर फिरलो. सांगायला कोणी नाही. पुस्तिकेवर तारीख आणि फर्मवेअरचा नंबर लिहून ठेवावा म्हणून ती शोधायला पुनमच्या खोलीत गेलो. टेबलावर नाही, कपाटात नाही. नव्या बॅगेत सापडली. बॅग भरलेली होती. कपडे, तेलुगूची वही, अन्नपूर्णाच्या छोट्या बरण्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. पुस्तिका सगळ्यात खाली. एकाच पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्या पानावर बटणाचं चित्र, आणि त्याला पेन्सिलने गोल.

मशीन बंद केलं, चादर टाकली. बोर्ड अजून नाही झाला, असं दोघींना सांगितलं. पुनम म्हणाली, "अरेरे." आता ऐकताना कळलं, त्यात दुःख नव्हतं, सुटका होती.

२३ मार्च, रविवार

रागाने सकाळीच नूरुद्दीनभाईच्या दुकानात गेलो. "तुला बटण माहीत होतं!"

"होतं."

"आणि मला तू जंगलात पाठवलंस!"

"पुनम त्या दिवशी सकाळी रडत आल्ती, साहेब. म्हणाली, चाचा, बाबाले पंचवीस तारखेपर्यंत कुठीतरी गुंतवा, मी हिंमत करून सांगतेच. रोज्यात खोटं कसं बोलू? मी खोटं बोललोच नाई. चूप राह्यलो."

"घरच्या बापाला सांगायला हिंमत लागते?"

"तुमी विचारलं होतं का तिले?"

मी म्हटलं, अर्थात. घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. मिक्सर कधी चालू होता ते आहे. सतरा वेळा फोन लावला ते आहे. चादरी किती टाकल्या ते आहे. पुनमला विचारलं, असं एकाही पानावर नाही. कोलूभाऊंनी भर सभेत विचारलं तेही मीच माझ्या हाताने लिहिलं आहे, आणि लिहून पुढे गेलो आहे. शंभर माणसांच्या गावाला दहा मिनिटांच्या तुकड्यासाठी मी हात जोडून विचारायला गेलो, आणि घरातल्या एका पोरीला तिच्या सगळ्या आयुष्याबद्दल नाही.

आणखी एक खरं लिहून ठेवतो, वही खाजगी आहे. मशीन पुनमसाठी नव्हतंच. निवृत्तीनंतर दिवस संपत नाही. ती बाजूच्या खोलीत काम करत असती तर मी दाराशी जाऊन उभा राहिलो असतो, काही हवं का म्हणून. मला ते हवं होतं.

२४ मार्च, सोमवार

सकाळी पुनमला बोलावलं. मशीनवरची चादर काढली, सुरू केलं. लख्ख पडदा पाहून तिचा चेहरा पडला. मी तिच्याकडेच पाहत होतो, पडद्याकडे नाही.

म्हटलं, "मशीन तयार आहे. उद्या कंपनीला कळवायचंय. तुला काय पाहिजे?"

ती म्हणाली, "राहते ना बाबा घरीच. तुमी एवढं केलं."

"मी काय केलं ते नाही विचारलं. तुला काय पाहिजे?"

"तुमी रागावसान."

"रागावून झालं. काल दिवसभर रागावलो. आता बोल."

तिने मशीनवरून काढलेल्या चादरीची घडी घातली. "मले जायाचं हाय, बाबा," म्हणाली. "तुमच्यापासून दूर जायाचं नाई. पण जायाचं हाय."

मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मी बरं म्हणालो. मग वाटलं हे कमी पडलं, म्हणून पुन्हा बरं म्हणालो. तेव्हा ती रडली आणि तिला पाहून मग मीही. अन्नपूर्णा दाराशी उभी होती, केव्हापासून कोण जाणे. "झालं का दोघांचं? भाकर थंडी होऊन राह्यली," म्हणाली.

पुनमने बटणाबद्दल माफी मागितली. मी म्हटलं, पान दुमडायचं नसतं, कागदाची खूण ठेवायची असते.

२९ मार्च, शनिवार

बल्लारशाला पुनमला गाडीत बसवून आलो. स्टेशनवर अमरीनची आई सुलतानाभाभीही होत्या, अमरीनसाठी डबा द्यायला. गाडी सुटेपर्यंत मी पुनमला आठ सूचना दिल्या, नवव्या सूचनेला गाडी हलली. मग प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या रडलो, चारचौघांत.

परतताना दारात लच्छू भेटला. "काय उराडे, मशीन नाई चाललं म्हून पोरगी चालली का?"

माझी जीभ शिवशिवली. त्याला हाताला धरून आत नेऊन पडदा दाखवावा असं फार वाटलं. "मशीन चालतं," मी म्हटलं. "तिला जायचं होतं."

"मंग जाऊ काऊन देल्लं?"

"विचारलं, तर जायचं म्हणाली."

लच्छूला ते पटलं नाही. संध्याकाळपर्यंत कॉलनीत झालं की उराडेचा कम्प्युटर फसला. होऊ दे.

२ एप्रिल, बुधवार

चार दिवस मशीन चादरीखाली पडून आहे. एवढं तगडं यंत्र झाकून ठेवणं पाप आहे. कोसमटोल्याचं मशीन पाहिलं आहे मी, फार हळू. आज सकाळी बसून ग्रामसभेच्या नावाने पत्र लिहिलं. आपल्या सभेने केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून सदर संगणक भेट देत आहे, कृपया सभेत ठेवून सर्वांना विचारून निर्णय कळवावा, वगैरे. छान झालं पत्र. झिंगूभाऊंना हो म्हणायला वेळ लागेल, त्यासाठी पंधरा दिवसांची मुदतही घातली. विचारल्याशिवाय आता मी काही करणार नाही.

अन्नपूर्णाला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं.

"बेस लिवलं," म्हणाली. "कोसमटोल्याच्या साऱ्याईले विचारसान?"

"साऱ्यांना."

"अन् मले?"

मी पत्राकडे पाहिलं. पत्रात तिचं नाव नव्हतं.

"तुला काय पाहिजे?" मी विचारलं.

तिने तांदळाचं ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले. "पुनम म्हणे, थे बनवते तसा हैदराबादचा नकाशा याच्यावर दिसते. मोठा करून. थे कोनत्या गल्लीत राह्यते, खिडकी कुठी हाय, मले पाह्यचं हाय. रोज. तुमाले विचारून नाई, माह्या मनानं. शिकवा कसं सुरू करते ते."

मी म्हटलं, आधी मेन स्विचच्या पाटीवर...

तिने माझ्याकडे पाहिलं.

मी खुर्चीतून उठलो. ती बसली.